आधी संगीत ठरवा, मग ल्यूट: नव्या वादकासाठी सविस्तर मार्गदर्शन

ल्यूट, म्हणजे गोल पाठीचे जुने युरोपीय तंतुवाद्य, शिकण्याची ओढ बहुधा एखाद्या ध्वनिमुद्रणातून लागते. इंग्लिश वादक-रचनाकार जॉन डौलंडची एखादी पव्हान (संथ नृत्यरचना) किंवा जर्मन वादक-रचनाकार सिल्वियस लिओपोल्ड वाइस यांची एखादी रचना कानावर पडते आणि पहिला प्रश्न मनात येतो तो वाद्य कुठे मिळेल, हा. माझ्या मते तो पहिला प्रश्न नव्हे. डौलंड आणि वाइस या दोघांची वाद्ये ल्यूटच म्हणवली जात असली, तरी त्यांच्या तारांची संख्या, स्वरमेळ आणि हाताची ठेवण इतकी वेगळी आहे की एकावर दुसऱ्याचे संगीत जसेच्या तसे वाजत नाही. म्हणून कोणत्या काळाचे आणि कोणत्या देशाचे संगीत आपल्याला वाजवायचे आहे, याचा निर्णय आधी करावा. वाद्य, तारा, तंत्र आणि शिक्षक या बाकीच्या गोष्टी त्या निर्णयामागून येतात.

ल्यूट हा शब्द अरबी ‘अल-ऊद’वरून आला आणि वाद्यही त्याच वाटेने, प्रामुख्याने स्पेन आणि सिसिलीमार्गे, युरोपात पोहोचले. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते नखीने छेडले जात असे. पुढे वादक बोटांनी वाजवू लागले आणि एकाच वेळी दोन-तीन स्वतंत्र स्वररेषा चालवणे त्यांना शक्य झाले. आज आपण जे ल्यूट-संगीत वाजवतो, ते जवळजवळ सगळे या बदलानंतरचे आहे. व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची यांनी १५०७ साली फ्रान्चेस्को स्पिनाचिनो यांचा संग्रह छापला. ल्यूटसाठी छापलेले ते पहिले संगीत. तेथपासून १७५० साली वाइस यांच्या मृत्यूपर्यंतचा सुमारे अडीचशे वर्षांचा काळ हा या वाद्याचा संगीतसंग्रह होय.

ल्यूटच्या तारा जोड्यांनी मोजतात. सर्वांत उंच स्वराची तार बहुतेक वेळा एकटी असते आणि बाकीच्या जोडीने असतात. सोळाव्या शतकाच्या बऱ्याच काळात सहा जोड्या पुरत होत्या, शतकाच्या अखेरीस सात-आठ झाल्या आणि सतराव्या शतकाच्या आरंभी दहा. त्यानंतर फ्रान्समध्ये स्वरमेळच बदलला आणि डी-मायनर स्वरमेळाचे अकरा जोड्यांचे बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातील शैलीचे) ल्यूट रूढ झाले. वाइस यांच्या उत्तरकाळात जोड्या तेरापर्यंत गेल्या. ज्यांचे मन डौलंड आणि त्यांच्या इंग्लिश समकालीनांकडे ओढले जाते, त्यांनी आठ जोड्यांचे ल्यूट घ्यावे, कारण इंग्लिश रचनांत सातवी जोडी कधी एफ स्वराची तर कधी डी स्वराची मागितलेली असते आणि आठ जोड्यांत दोन्ही मिळतात. सोळाव्या शतकातील फ्रान्चेस्को दा मिलानो यांच्या फँटसिया (मुक्त बांधणीच्या रचना) वाजवायच्या असतील, तर सहा जोड्यांचे वाद्य अधिक मोकळे वाजते. वाइस हेच अंतिम ध्येय असेल, तर थेट तेरा जोड्यांनी आरंभ करण्यास माझी हरकत नाही. मात्र पहिले वर्ष जड जाईल, हे मनाशी धरून चालावे.

वाद्य हाती येण्याआधी

चांगले ल्यूट दुकानात टांगलेले क्वचितच मिळते. ते कारागिराकडे सांगून करवून घ्यावे लागते आणि त्यासाठी काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ थांबावे लागते. हा काळ वाया घालवण्याचे कारण नाही. घरी नायलॉन तारांची गिटार असेल, तर तिची तिसरी तार ‘जी’ स्वरावरून एफ-शार्पपर्यंत, म्हणजे अर्धा स्वर, उतरवावी. एवढ्याने रेनेसाँ, म्हणजे बरोकपूर्व, ल्यूटच्या सहा जोड्यांमधली अंतरे तिच्यावर तंतोतंत मिळतात. तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारी पकड) लावला, तर जी स्वराच्या ल्यूटची प्रत्यक्ष पट्टीही मिळते. आपल्या संज्ञांत सांगायचे तर शेजारच्या कोणत्याही दोन जोड्यांमध्ये षड्ज-मध्यमाचे अंतर असते आणि फक्त मधल्या दोन जोड्यांमध्ये, म्हणजे चौथी आणि तिसरी यांमध्ये, षड्ज-शुद्ध गंधाराचे. अशा गिटारीवर सोळाव्या शतकातील मूळ लेखन वाचायला शिकता येते. महाराष्ट्रात राहून आरंभ करू इच्छिणाऱ्यांसाठी मला तरी याहून व्यवहार्य मार्ग दिसत नाही.

युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना आणखी एक सोय आहे. इंग्लंडमधील ल्यूट सोसायटी १९५६ पासून आणि अमेरिकेतील ल्यूट सोसायटी १९६६ पासून कार्यरत आहे. सभासदांना वाद्ये भाड्याने देण्याची व्यवस्था या संस्था करतात. पहिले वर्ष भाड्याच्या वाद्यावर काढावे आणि मगच स्वतःचे ल्यूट सांगावे, असा माझा आग्रह आहे, कारण दांडीची रुंदी, तारांमधले अंतर आणि तारेची लांबी यांपैकी आपल्या हाताला काय मानवते ते प्रत्यक्ष वाजवल्याशिवाय कळत नाही. जी स्वराच्या ल्यूटसाठी सुमारे ६० सेंटिमीटर लांबीची तार सर्वसाधारणपणे सोयीची ठरते. लहान हाताच्या वादकांनी याहून थोडी आखूड तार मागण्यात काहीही गैर नाही.

जुने किंवा स्वस्त वाद्य पाहताना आधी ते उचलून वजन बघावे. खऱ्या ल्यूटची पाठ पातळ लाकडी पट्ट्या वाकवून, एकमेकींना चिकटवून घडवलेली असते आणि तबलीची जाडी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर असते, त्यामुळे ते हातात घेताच त्याच्या हलकेपणाचे नवल वाटते. जड लाकूड, दांडीत ठोकलेले धातूचे पडदे आणि गिटारीसारख्या ताणाच्या तारा असलेली वाद्येही ल्यूट म्हणून विकली जातात. त्यांच्यावर या लेखात सांगितलेले तंत्र बसत नाही. घोडी तबलीवरून मागच्या बाजूने किंचितही उचलली गेली आहे का, खुंट्या अडखळत तर फिरत नाहीत ना आणि आठव्या पडद्यापाशी तार फार उंच तर नाही ना, या तीन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सूर लावणे आणि पडदे बांधणे

जर्मन लेखक योहान मॅथेसन यांनी १७१३ साली लिहिले की ऐंशी वर्षांच्या ल्यूटवादकाने त्यांतली साठ वर्षे नक्कीच सूर लावण्यात घालवलेली असतात. एर्न्स्ट गॉटलीब बारोन यांनी १७२७ साली आपल्या ग्रंथात मॅथेसन यांचे आक्षेप खोडून काढले. तरी त्या वाक्यामागची अडचण खरी आहे, आणि ती सोडवण्याची रीत पहिल्याच महिन्यात शिकून घेतली पाहिजे.

इंग्लंडमधील थॉमस रॉबिन्सन आपल्या १६०३ च्या शिक्षणग्रंथात सांगतात की आधी सर्वांत उंच तार तुटण्याच्या भीतीपर्यंत चढवावी आणि मग इतर तारा तिच्याशी जुळवाव्यात. आतड्याच्या तारांच्या काळात हा सल्ला योग्य होता, कारण ती तार तुटण्याच्या सीमेजवळ असतानाच उत्तम बोलते. आज बहुतेक वादक कृत्रिम तारा लावतात. नायलॉन, कार्बन आणि इटलीत तयार झालेली, आतड्याच्या घनतेच्या जवळ जाणारी नायलगट ही त्यांतली प्रमुख नावे. आपल्याकडच्या दमट हवेत आतड्याच्या तारा पहिल्याच पावसाळ्यात जीव नकोसा करतात, म्हणून नवख्याने कृत्रिम तारांपासूनच सुरुवात करावी. आतड्याचा आवाज निःसंशय अधिक उबदार असतो, पण तो ऐकण्याइतके स्थिर वाद्य आणि कान आधी तयार व्हावेत.

जोडीतल्या दोन्ही तारा एकजीव लागणे ही सुरेलपणाची पहिली कसोटी. एक तार बोटाने दाबून बंद ठेवावी, दुसरी बाहेरच्या स्वराशी मिळवावी आणि मग बंद ठेवलेली तार तिच्याशी मिळवावी. दोन्ही तारा एकदम छेडून घाईने खुंट्या फिरवल्या, तर कोणती चढी आणि कोणती उतरती हेच समजत नाही. खालच्या जोड्यांपैकी काहींत एक तार खर्जाची आणि दुसरी तिच्या सप्तकभर वरची असते. तेथे कान फसतो, म्हणून आधी खर्जाची तार पक्की करावी.

पडदे आतड्याच्या दोऱ्याचे असतात आणि दांडीभोवती गाठ मारून बांधलेले असतात. सतारीचे पडदे सरकवण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला यात परके काही वाटणार नाही. दांडीवर साधारणपणे आठ-नऊ पडदे बांधता येतात. पहिला सर्वांत जाड आणि पुढचे क्रमाने बारीक, म्हणजे एका पडद्यावर दाबलेली तार पुढच्या पडद्याला घासत नाही. जागा ठरवण्याची सोपी रीत व्हिंचेंझो गालिलेई यांनी सांगितली आहे. ते शास्त्रज्ञ गालिलेओचे वडील आणि स्वतः ल्यूटवादक. त्यांच्या रीतीप्रमाणे तारेच्या लांबीचा अठरावा भाग मोजून पहिला पडदा बांधावा, उरलेल्या लांबीचा अठरावा भाग मोजून दुसरा, आणि असेच पुढे. ६० सेंटिमीटरच्या तारेवर पहिला पडदा ३.३ सेंटिमीटरवर आणि दुसरा सुमारे ६.५ सेंटिमीटरवर येतो. ही जवळजवळ समान बारा भागांची वाटणी झाली.

येथे थोडे थांबून सांगतो, कारण या जागी मराठी कानाला मोठाच लाभ मिळतो. तानपुरा नीट जुळला की त्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार आणि पियानोचा गंधार यांत स्पष्ट फरक असतो. पियानोचा गंधार चढा लागतो. सोळाव्या-सतराव्या शतकातील अनेक वादकांना तानपुऱ्यातल्या गंधारासारखा नितळ गंधार हवा असे आणि त्यासाठी ते पडदे असमान अंतरांवर बांधत. या पद्धतीला मीनटोन म्हणतात. तिच्यात अर्ध्या स्वरांचे दोन आकार होतात, एक लहान आणि एक मोठा. अडचण अशी की पहिल्या पडद्यावर तिसऱ्या जोडीला बी-फ्लॅटसाठी मोठा अर्धस्वर लागतो, तर चौथ्या जोडीला एफ-शार्पसाठी लहान. एकच दोरा दोन्ही ठिकाणी बरोबर बसू शकत नाही. काही वादक पडदा किंचित तिरका बांधतात, काही त्या एका जोडीखाली लहानसा जादा पडदा चिकटवतात. पहिले सहा महिने समान अंतरांवर पडदे ठेवून मग हळूहळू मीनटोनकडे वळावे. डौलंड यांनीही १६१० साली आपल्या मुलाने प्रसिद्ध केलेल्या संग्रहात तारांची निवड आणि पडद्यांच्या जागा यांवर तपशीलवार लिहिले, यावरून हा विषय त्यांना किती महत्त्वाचा वाटत होता ते दिसते.

उजवा हात

ल्यूटची पाठ गोल असल्यामुळे ते मांडीवरून घसरते. पट्टा लावावा किंवा मांडीवर मऊ कातड्याचा तुकडा ठेवावा. डाव्या हातावर वाद्य तोलण्याची सवय एकदा लागली की ती मोडायला फार वेळ जातो.

सोळाव्या शतकाच्या बहुतेक संगीतासाठी अंगठा तळव्याच्या आत, बोटांखालून जाणारे तंत्र वापरावे. कोपरापासूनचा हात जवळजवळ तारांना समांतर येतो, करंगळी तबलीवर हलके टेकते आणि धावत्या स्वरांत अंगठा व तर्जनी आळीपाळीने चालतात. वजनदार मात्रेवर अंगठा आणि हलक्या मात्रेवर तर्जनी पडते, त्यामुळे सतारीच्या दा आणि रा या बोलांप्रमाणे स्वरांना आपोआप जड-हलका भार मिळतो. जुन्या लेखनात अक्षराखाली दिलेला एक ठिपका म्हणजे ‘येथे तर्जनी’ अशी खूण आहे. सोळावे शतक संपता संपता वादक अंगठा बाहेर काढू लागले आणि बरोक ल्यूटसाठी अंगठा बाहेरच ठेवावा लागतो. नवख्याने सुरुवातीला दोन्ही तंत्रे मिसळू नयेत.

नखांबद्दल मतभेद आहेत आणि ते जुनेच आहेत. इटालियन वादक अलेस्सांद्रो पिच्चिनिनी नखांनी वाजवत, तर सतराव्या शतकातील इंग्लिश वादक-लेखक थॉमस मेस नखे नकोत असे बजावतात. माझा कौल मेस यांच्या बाजूने आहे, निदान रेनेसाँ ल्यूटसाठी तरी. जोडीतल्या दोन्ही तारा एकदम आणि मऊपणे हलवण्याचे काम बोटाच्या मांसल टोकाने सर्वांत चांगले होते. नखाने बहुधा एकच तार लागते आणि जोडी असूनही आवाज एकट्या तारेचा येतो. गिटारवादकांना नखे कापणे जिवावर येते हे मला ठाऊक आहे, पण तडजोड करून दोन्ही वाद्ये बिघडवण्यापेक्षा काही महिने एकच वाद्य हाती धरावे.

टॅब्लेचर वाचणे

ल्यूटचे संगीत टॅब्लेचरमध्ये लिहिलेले असते. त्यात स्वराचे नाव नसते, बोट कोठे ठेवायचे ते असते. फ्रेंच पद्धतीत सर्वांत वरची रेघ म्हणजे पहिली, सर्वांत उंच जोडी. ए हे अक्षर मोकळ्या तारेसाठी, बी पहिल्या पडद्यासाठी आणि असे पुढे. इंग्लंडमध्येही हीच पद्धत चालली. इटालियन पद्धतीत अक्षरांऐवजी आकडे असतात, शून्य म्हणजे मोकळी तार, आणि बहुतेक ग्रंथांत रेघांचा क्रम उलटा, म्हणजे सर्वांत खालची रेघ पहिल्या जोडीची. वाद्य मांडीवर घेऊन खाली पाहिले की तारा ज्या क्रमाने दिसतात, तोच हा क्रम. दोन्ही पद्धतींत रेघांच्या वरच्या बाजूला लयीच्या खुणा असतात आणि एक खूण पुढची येईपर्यंत लागू राहते. जर्मन पद्धतीत रेघा नसतात, प्रत्येक जागेला स्वतंत्र चिन्ह असते. तिचे संगीत फ्रेंच पद्धतीत उतरवून घेतलेले वापरले तर चालते.

एक गोष्ट टॅब्लेचर सांगत नाही, ती म्हणजे स्वर किती वेळ धरून ठेवायचा. खुणा फक्त पुढचा स्वर कधी येतो ते सांगतात. म्हणून प्रत्येक रचना आधी गाऊन पाहावी, खालची रेषा वेगळी आणि वरची वेगळी. ज्यांनी कंठसंगीत शिकले आहे, त्यांना येथे निम्मे काम झाल्यासारखे वाटेल.

मूळ हस्तलिखिते पाहणे आता अवघड राहिलेले नाही. वेस्टमिन्स्टर ॲबेमधील गायक मॅथ्यू होम्स यांनी सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधीवर उतरवून घेतलेले ल्यूट-संगीताचे मोठे संग्रह केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपल्या डिजिटल संग्रहात खुले केले आहेत. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयातील कापिरोला हस्तलिखित तर अवश्य पाहावे. १५१५ ते १५२० च्या सुमारास ते लिहिणाऱ्या शिष्याने पानोपानी प्राणी आणि पक्षी रंगवले आणि त्याचे कारणही नोंदवले. ज्यांना संगीत कळत नाही त्यांनी निदान चित्रांसाठी तरी हा ग्रंथ जपून ठेवावा, अशी त्याची इच्छा होती, आणि ती पुरी झाली. त्याच हस्तलिखितात वादनाच्या आणि पडदे बांधण्याच्या सूचनाही आहेत.

काय वाजवावे आणि कोणत्या क्रमाने

पहिल्या काही महिन्यांसाठी न्यूरेंबर्गचे हान्स नॉयझीडलर यांच्याइतका समजूतदार सोबती मला दुसरा दिसत नाही. १५३६ च्या त्यांच्या ग्रंथात नवशिक्यांसाठी सोप्या रचना आहेत आणि डाव्या हाताची बोटे खुणांनी दाखवलेली आहेत. त्याच्या जोडीला पॅरिसचे पियेर आतेन्यां यांनी १५३० च्या आसपास छापलेली नृत्ये आणि इंग्लिश हस्तलिखितांतल्या लहान अनामिक रचना घ्याव्यात. एका पानाहून लांब रचना या टप्प्यावर नकोत.

त्यानंतर योआन अम्ब्रोझियो दाल्त्सा यांच्या १५०८ च्या संग्रहातील कालाता (एक प्रकारच्या नृत्यरचना) वाजवाव्यात. साध्या सुरावटीवर धावत्या स्वरांचे अलंकार असल्यामुळे अंगठा-तर्जनीचा सराव त्यांत आनंदाने होतो. शिक्षक किंवा मित्र सोबत असेल, तर जॉन जॉन्सन यांच्या काळातील इंग्लिश द्वंद्वरचना घ्याव्यात. त्यांत एक वादक तोच स्वरसंघ पुन्हा पुन्हा वाजवतो आणि दुसरा त्यावर वेगाने फिरतो. नवख्याने आधी ठेका धरणारी बाजू घ्यावी. लय म्हणजे काय ते त्यातूनच अंगात मुरते.

दुसऱ्या वर्षी फ्रान्चेस्को दा मिलानो यांच्याकडे वळावे. १४९७ ते १५४३ हा त्यांचा जीवनकाळ. पोपांच्या पदरी त्यांनी सेवा केली आणि समकालीनांनी त्यांना ‘दिव्य’ म्हटले. त्यांच्या छोट्या रिचेरकार पानभराच्याच असतात, पण प्रत्येकीत दोन-तीन आवाज एकमेकांना उत्तरे देतात. दिवसाला चार मात्रा एवढ्याच घेतल्या तरी पुरे. एक आवाज गावा आणि बाकीचे वाजवावेत, मग गाण्याचा आवाज बदलावा. याच टप्प्यावर स्पॅनिश विहुएलाचे संगीतही घेता येते, कारण त्या वाद्याच्या सहा जोड्यांची अंतरे ल्यूटसारखीच आहेत. १५३६ चा लुईस मिलान यांचा आणि १५३८ चा लुईस दे नार्व्हाएझ यांचा संग्रह हे त्यातले दोन भक्कम आधार.

डौलंड यांच्याकडे बहुतेकजण फार लवकर जातात. त्यांच्या छोट्या नृत्यरचना दुसऱ्या वर्षी जमतात, पण ‘लाक्रिमे’ पव्हान किंवा मोठ्या फँटसियांसाठी हात तीन-चार वर्षांचा हवा. घाई केल्यास बोटे जागेवर पडतात, पण खालची रेषा तुटते, आणि ती तुटली की त्या संगीतात उरते ते फार थोडे.

साथ, थिओर्बो आणि उपजीविका

ल्यूटवर पोट भरणारे वादक एकलवादनापेक्षा साथीवर अधिक जगतात. डौलंड यांचे १५९७ चे गीतांचे पहिले पुस्तक हा साथीचा उत्तम आरंभ आहे. त्यात गाण्याच्या ओळीखालीच ल्यूटचे टॅब्लेचर छापलेले आहे आणि इतर आवाज पानावर वेगवेगळ्या दिशांनी, टेबलाभोवती बसलेल्या सर्वांना एकाच पुस्तकातून गाता यावे म्हणून. गायकाचा श्वास पाहून स्वर सोडायचा, हे येथे शिकता येते.

व्यावसायिक काम मात्र मुख्यतः थिओर्बोला मिळते. या लांब दांडीच्या, सामान्यतः चौदा जोड्यांच्या वाद्यावर पहिल्या दोन तारा सप्तकभर खाली लावलेल्या असतात, त्यामुळे बोटे कोठे कोणता स्वर देतात हे नव्याने शिकावे लागते. मोंतेव्हेर्दी यांच्या १६०७ च्या ‘ऑर्फेओ’पासून बरोक ऑपेरांत ते सतत लागते. वादकाला फक्त खर्जाची ओळ आणि तिच्याबरोबरचे आकडे मिळतात, वरचे स्वर त्याने त्या क्षणी भरायचे असतात. हे शिक्षण पुस्तकातून नीट होत नाही. बाझेलमधील स्कोला कान्तोरुम, जिची स्थापना १९३३ साली झाली, किंवा हेगचे रॉयल कॉन्झर्व्हेटरी यांसारख्या ठिकाणी त्याची परंपरा आहे. बाख यांच्या संत योहानाच्या पॅशनमध्ये (ख्रिस्ताच्या यातनांवरील गायनरचनेत) एका ठिकाणी ल्यूट अगदी ठळकपणे ऐकू येते. तेथे बोलावणे येईल तो दिवस गृहीत धरून आकड्यांचा सराव पहिल्या वर्षापासून, रोज दहा मिनिटे का होईना, करावा.

हवा, प्रवास आणि तारा बदलणे

थॉमस मेस १६७६ साली सांगतात की रोज वापरात असलेल्या बिछान्यात, पांघरुण आणि ब्लँकेट यांच्यामध्ये, ल्यूट ठेवावे, म्हणजे ओल लागत नाही. चादरींच्या आत मात्र नको, त्या दमट असू शकतात. कोणी त्या बिछान्यावर अंग टाकू नये, हेही ते बजावतात, कारण अशा प्रकारे मोडलेली ल्यूटे त्यांनी पाहिली होती. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर ही ओल फार मोठी असते. वाद्य घट्ट पेटीत ठेवावे, आत आर्द्रतामापक आणि ओलावा सांभाळणाऱ्या पुड्या ठेवाव्यात आणि ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राहील असे पाहावे. ल्यूटचे सांधे सरसाने जोडलेले असतात. उन्हात तापलेल्या मोटारीत एक दुपार काढली तरी घोडी सुटू शकते.

विमानात वाद्य शक्यतो स्वतःबरोबर केबिनमध्ये न्यावे आणि तारा अर्धा-एक स्वर उतरवाव्यात, पूर्ण सैल करू नयेत. खुंटी सरकत असेल तर थोडा खडू आणि अडकत असेल तर साबण पुरतो. नवी तार घोडीला बांधल्यावर ती दोन-तीन दिवस ताणत राहते, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी तार बदलू नये. पहिल्या तारेचे तीन जादा नग पेटीत ठेवावेत आणि त्यांतला एक आधीच काही दिवस वाद्यावर ताणून, मग उतरवून ठेवलेला असावा, म्हणजे ऐन वेळी तार तुटली तर तो लावून पाच मिनिटांत पुन्हा सुरात बसता येते.